लेकीच्या दारातलं डांबर

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसानं काय लिहावं याचे आपल्याकडं नियम ठरलेले आहेत. तिथली शिस्त, तिथली स्वच्छता, कुणी हॉर्न वाजवत नाही, आणि रस्ते असे की पोटातलं पाणी हलत नाही. त्यातून मी चौतीस वर्षं रस्त्यांवर नोकरी केलेला माणूस. परत आल्यापासून टिळकवाडीत जो भेटतो तो विचारतो, "काय ओ साहेब, बघून आलात की नाही तिकडचे रस्ते?"

बघून आलो. २०२३ साली मे ते नोव्हेंबर, सहा महिने, मी आणि सौ. ज्या रस्त्यावर राहिलो त्याच्या तोंडाशी एक सरकारी पाटी होती. मजकूर साधारण असा : हा रस्ता कच्चा आहे, जपून जा, आपल्या जबाबदारीवर जा, याची नियमित देखभाल होत नाही. मी त्या पाटीसमोर फोटो काढून घेतला. सौ. म्हणाली, "लोक ग्रँड कॅन्यनसमोर काढतात." पण माझ्या उभ्या नोकरीत मी इतकी प्रामाणिक पाटी पाहिली नव्हती. आपल्या जिल्ह्यात अशा पाट्या लावायच्या ठरवल्या तर रस्त्यापेक्षा पाट्यांचाच खर्च जास्त व्हायचा.

आमची लेक अ‍ॅरिझोना राज्यात राहते. फिनिक्स शहरापासून पश्चिमेला ऐंशी-एक किलोमीटरवर टोनोपाह म्हणून भाग आहे, तिथं. गाव म्हणायला चार दुकानं, एक पेट्रोल पंप आणि बाकी वाळवंट. जावई जवळच्या पालो वर्डे अणुवीज केंद्रात आहेत. आपल्याला अणुवीज म्हटलं की कैगा आठवतं. काळी नदी, जंगल आणि पाऊस. इथं केंद्राजवळ नदीच नाही. फिनिक्सकडच्या शहरांचं सांडपाणी शुद्ध करून पाइपानं आणतात आणि त्यावर केंद्र थंड ठेवतात. अशा ठिकाणी मुलीनं पाच एकर जमीन घेऊन घर बांधलं. आजूबाजूला क्रिओसोटची खुरटी झुडपं, मेस्किटची काटेरी झाडं, आणि लांब टेकडीवर हात वर करून उभे असलेले सग्वारो निवडुंग. शेजार म्हणजे आठ घरं, एकापासून दुसरं हाकेच्याही पलीकडं.

सरकारी रस्ता त्या पाटीनंतर थोडा पुढं जाऊन संपतो. तिथून दोन किलोमीटर खाजगी वाट, आठ जणांच्या मालकीची. काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, असल्या वाटेला हात लावत नाही. खड्डा तुमचा, धूळ तुमची. गणपतीच्या आधी खड्डे बुजवा म्हणून मोर्चा न्यायला तिथं कचेरीच नाही. शेजाऱ्याच्या दारावरच न्यावा लागेल.

गेली दोन-तीन वर्षं लेक मोबाइलवर घर दाखवायची. ओटा दाखवायची, तुळस दाखवायची, नातीची खोली दाखवायची. फाटकाकडं कधी कॅमेरा वळवला नाही. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला, ऊन तापायच्या आत, मी फाटकापर्यंत फिरायला गेलो आणि पायाखाली काहीतरी कुरकुरलं. खाली वाकून उचललं तर काळी खापरी. पापड मोडावा तशी हातात मोडली. पुढं पाहतो तर घरापासून फाटकापर्यंतच्या एकशेवीस मीटर वाटेवर अशीच खापऱ्यांची बेटं आणि मधे वाळू. जाडी बोटाच्या अर्ध्या पेराइतकी. खाली खडीचा थर नाही, मुरूम नाही, दबाई नाही. नुसत्या वाळूवर डांबरमिश्रित बारीक खडी पसरलेली, आणि वरून काळं पाणी मारलेलं.

रात्री जेवताना मी विचारलं, "हे कुणी केलं गं?"

लेक खाली बघून भाकरी मोडत राहिली. जावईच म्हणाले, "बाबा, त्याच्यामुळं तिनं तुम्हाला इतके दिवस काही सांगितलं नाही."

झालं होतं असं. २०२० साली जावई दोन महिने खोकल्यानं आणि तापानं आडवे होते. तिथल्या मातीत एक बुरशी असते, तिचे बीजकण धुळीबरोबर छातीत जातात. त्या दुखण्याला व्हॅली फीव्हर म्हणतात. अमेरिकेतले निम्म्याहून जास्त रुग्ण एकट्या अ‍ॅरिझोनातले. एकाचं दुसऱ्याला होत नाही, पण धूळ कुणाला चुकते? त्यांना ते दारातल्या धुळीनंच झालं असं कोणी सांगू शकणार नाही. पण घरात लहान मूल, आणि गाडी आली-गेली की अर्धा तास खाली न बसणारा धुरळा. लेकीनं ध्यास घेतला की निदान घराची वाट तरी डांबरी करायची.

आणि २०२१ च्या वसंतात एक दिवस दारात ट्रक उभा. दोन हसतमुख माणसं. "पलीकडं रस्त्याचं काम केलं, गाडीत माल उरलाय. परत नेला तर टाकूनच द्यावा लागेल. निम्म्या दरात करून देतो, पण आत्ताच सांगा आणि पैसे रोख." जावई कामावर. लेकीनं वाट पाहिली, हिशेब केला, बँकेतून पैसे काढून आणले. तीन तासांत वाट काळीभोर, आरशासारखी. संध्याकाळी तिनं फोटोही काढला होता, मला पाठवायला. पाठवायच्या आधी वाटलं, बाबा जाडी विचारतील, आधी मोजून ठेवावी. मोजायला गेली तेव्हा पट्टी घुसवायलाच जागा सापडेना.

हा तिथला जुना धंदा आहे. उरलेला माल, आजचाच दर, रोख पैसे. माणसं बदलतात, वाक्यं तीच. आणि रस्त्याच्या कामातल्या कुणालाही ते वाक्य ऐकताच खोटं कळावं. हॉटमिक्स म्हणजे भाकरी नव्हे, उरली तर शेजारी द्यायला. भट्टीतून निघताना माल दीडशे अंशांच्या आसपास असतो, आणि तो पंच्याऐंशीच्या खाली उतरायच्या आत रोलर फिरून दबाई संपवावी लागते. त्यानंतर कितीही लाटा, तो आवळत नाही. दारोदार गिऱ्हाईक शोधत फिरणारी गाडी माल गरम ठेवणार कशी? शिवाय अ‍ॅरिझोनात कंत्राटदारांची सरकारी नोंदणी असते, नंबर विचारून घरबसल्या तपासता येतो. हे सगळं मी तिला सांगितलं. नंतर वाटलं, उगाच सांगितलं. तिला ते आता माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

ती म्हणाली, "तुम्ही रस्तेवाले, आणि तुमच्याच मुलीला कुणी वाळूवर काळा रंग फासून गेलं. कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

मी रागावलो नाही याचं सौ.ला फार आश्चर्य वाटलं. माझा स्वभाव तिला माहीत. पण मला त्या रात्री झोप आली नाही, आणि कारण लेकीचे गेलेले पैसे हे नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीत एका गावाला जाणारा साडेतीन किलोमीटरचा फाटा. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं हा साप्ताहिक वाचतात. वीस मिलिमीटरचं कार्पेट मंजूर होतं. एप्रिल सरत आलेला, मार्चची बिलं अडकलेली, पाऊस तोंडावर. काम झाल्यावर मी चार ठिकाणी खणून बघितलं. दोन ठिकाणी अठरा-एकोणीस, आणि गावाच्या बाजूच्या शेवटच्या किलोमीटरात बारा. कंत्राटदार हात जोडून उभा राहिला नाही, त्याला गरज नव्हती. वरून निरोप आला होता की बिल थांबवू नका. मी मोजमापाच्या वहीत सगळीकडं वीस लिहिलं. पैसे घेतले नाहीत, हे मी बरीच वर्षं स्वतःला बजावत आलो. पण वीस लिहिलं.

तुम्हाला आपला पाऊस माहीत आहे. जून निघाला, जुलैच्या मध्याला शेवटच्या किलोमीटरातली खडी सुटायला लागली आणि आषाढ संपेपर्यंत तिथं ओढा झाला. रात्री मुक्कामाला येणारी वस्तीची बस फाट्यावरूनच फिरायला लागली. पोरी शाळेला फाट्यापर्यंत चिखलातून चालत यायच्या. ते दिवाळीपर्यंत चाललं. मी पाहणीला गेलो तेव्हा एका म्हातारीनं मला चहा दिला. रस्त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

लेकीला हे कधी सांगितलं नव्हतं. त्या मे महिन्यात, टोनोपाहच्या अंगणात, सकाळी खापऱ्या गोळा करताना सांगितलं. तिनं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "बारा मिलिमीटर म्हणजे केवढं?" मी खिशातली पट्टी काढून दाखवलं.

त्यानंतर आम्ही बापलेक कामाला लागलो. मला आधी वाटायचं, वाळवंटात रस्ता करणं म्हणजे सुखाची नोकरी. पाऊस नाही, म्हणजे डांबराचा वैरी नाही. फिनिक्सचा वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे एकशेऐंशी मिलिमीटर. बेळगावात एका जुलैत त्याच्या दुप्पट पडतो. पण तिथं वैरी दुसरा आहे, तो रोज सकाळी उगवतो. त्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग एकतीस दिवस पारा त्रेचाळीस अंशांच्या वर गेला. ही सावलीतली हवा. डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग सत्तरीच्या पुढं जातो. रस्त्यावर पडून भाजलेली माणसं इस्पितळात नेल्याच्या बातम्या मी तिथं वाचल्या. आधी खोट्या वाटल्या, मग एका दुपारी अनवाणी दोन पावलं टाकली आणि पटल्या.

उन्हात डांबराचं होतं काय, तर त्यातला तेलकटपणा उडतो आणि हवेतला प्राणवायू त्याला आतून ताठर करतो. काळा रस्ता आधी करडा होतो, मग पांढुरका. लवचिकपणा गेला की रात्रीच्या गारव्यात आकसताना भेगा पडतात, आणि कडेची बारीक खडी हाताला लागायला लागते. गंमत म्हणजे वर्दळ कमी असेल तर हे लवकर होतं. गाड्यांची चाकं डांबर मळत राहतात, बारीक भेगा त्यानं मिटतात. दिवसाला दोन गाड्या जाणारी घराची वाट मात्र न मळलेल्या कणकेसारखी वाळत पडते.

म्हणून तिथं डांबराची जात बघून घेतात. आपल्याकडं पूर्वी साठ-सत्तर, ऐंशी-शंभर असं डांबर असायचं, सुई किती रुतते त्यावर. २००६ नंतर व्हीजी आकडे आले, आपल्या भागात व्हीजी तीस. अमेरिकेत थेट रस्त्याचं तापमान नावात असतं. फिनिक्सकडं सत्तर-दहा म्हणून डांबर वापरतात. रस्ता सत्तर अंशांपर्यंत तापला तरी वितळू नये आणि उणे दहापर्यंत गेला तरी तडकू नये. मला ही पद्धत फार आवडली. नाव ऐकूनच कळतं की हा माणूस कुठं नोकरी करू शकेल.

डांबर या शब्दाचीही एक मौज आहे. खरं डांबर दगडी कोळशातून निघतं. कपड्यांत ठेवायच्या डांबरगोळ्या त्यातल्याच. रस्त्यावर आपण टाकतो ते खनिज तेलाचा गाळ, बिटुमेन. ऑफिसात आम्ही कागदावर बिटुमेन लिहायचो आणि तोंडानं डांबर म्हणायचो. अमेरिकेत हा फरक कामाचा आहे, कारण घरच्या वाटेवर मारायचं सील दोन्ही जातींचं मिळतं, आणि कोळशाच्या डांबरातली घातक द्रव्यं पावसाबरोबर ओढ्यात उतरतात म्हणून टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरानं २००६ सालीच त्यावर बंदी घातली. मी लेकीला डबा वाचूनच घ्यायला सांगितलं.

आणखी एका माणसाचं नाव तिथं कळलं. चार्ल्स मॅक्डोनाल्ड, फिनिक्स महापालिकेतला साहित्य अभियंता. १९६० च्या दशकात यानं जुन्या टायरचा चुरा गरम डांबरात मिसळून बघितला. सुरुवातीला कशासाठी, तर भेगाळलेल्या रस्त्याला ठिगळं लावायला. त्या ठिगळांतून पुढं रबरी डांबराचे रस्ते झाले. ठिगळ लावण्यात माझंही आयुष्य गेलं, पण माझ्या ठिगळातून नवीन खड्ड्याशिवाय काही निघालं नाही.

आता पाणी. वाळवंटात पाणी नाही म्हणणाऱ्यानं 'वॉश' पाहिलेला नसतो. वॉश म्हणजे कोरडा नाला. वर्षातले तीनशे साठ दिवस त्यात ससे पळतात. आणि जुलै ते सप्टेंबरात, त्यांचा तो 'मान्सून' (हाच शब्द वापरतात बरं का), लांब डोंगरावर एक सर कोसळली की इकडं लख्ख उन्हात नाला भरून येतो. जमीन वरून भाजलेली, खाली कॅलिची म्हणतात तो चुनखडीचा कडक थर, त्यामुळं पाणी मुरत नाही, धावतं. आठ घरांची वाट असाच एक वॉश ओलांडते. २०२१ च्या पावसाळ्यात तो आला आणि वाटेचा तेवढा तुकडा घेऊन गेला. लेकीच्या फाटकाजवळची काळी खापरीही त्याच पाण्यात फुटली. मी गेलो त्या वर्षी नाला आलाच नाही, २०२३ चा पावसाळा फिनिक्सच्या नोंदीतला सर्वांत कोरडा ठरला. पण मेस्किटच्या फांद्यांत माझ्या छातीच्या उंचीवर काटक्या-गवत अडकलेलं होतं. पुराची खूण वाचायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिकडं १९९५ पासून एक कायदा आहे. अडसर लावलेल्या, पाणी वाहत्या रस्त्यात गाडी घातली आणि अडकलात, तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करता येतो. लोक त्याला सरळ 'मूर्ख वाहनचालक कायदा' म्हणतात. मी जावयांना म्हटलं, आमच्याकडं हा कायदा आला तर मलप्रभेवरच्या सगळ्या पुलांचा खर्च एका पावसाळ्यात निघेल.

एका रविवारी संध्याकाळी आठ घरांची बैठक आमच्या गाडीच्या शेडमध्ये भरली. सौ.नं कांदेपोहे केले. मला बोलायला सांगितलं, लेक दुभाषी. सगळ्यांच्या मनात एकच, दोन किलोमीटर डांबर करायचं. मी म्हटलं, करू नका. कमी गाड्यांचा, उन्हात पडलेला, कडेला आधार नसलेला पातळ डांबरी रस्ता तुम्हाला परवडेल, त्याची देखभाल परवडणार नाही. आठ घरांनी दर तीन-चार वर्षांनी सील मारायचं, दरवर्षी भेगा भरायच्या, हे पाचव्या वर्षी बंद पडणार. आपल्याकडं सरकार असून बंद पडतं.

त्याऐवजी मोठ्या वाटेवर 'मिलिंग' टाका. जुने रस्ते खरवडून निघालेली डांबरयुक्त खडी तिकडं विकत मिळते. खाली वाट मधे उंच आणि कडांना उतरती करून घ्यायची, पाणी मारून दाबायची, वर हा थर पसरून रोलर फिरवायचा. तिथलं ऊन उरलेलं काम फुकट करतं. जुनं डांबर तापून पुन्हा एकमेकांना धरतं. धूळ बरीच बसते, आणि बिघडलं तर पुन्हा खरवडून सारखं करता येतं. नाल्यात मात्र डांबर नको आणि मिलिंगही नको. तिथं काँक्रीटची फरशी, नाल्याच्या तळाइतक्याच उंचीची, वरच्या आणि खालच्या अंगाला जमिनीत खोल गेलेली भिंत. पाण्याला वरून जाऊ द्यायचं, खालून पोखरू द्यायचं नाही. कोकणात उतरताना आपण पाहतो तीच फरशी. हॉटमिक्स फक्त लेकीच्या चढाच्या वाटेवर, कारण चढावर खडी टिकत नाही.

पहिल्या घरातले म्हातारबुवा, पूर्वीचे ट्रक ड्रायव्हर, अडून बसले. माझं घर तोंडाशीच, मला दोनशे फूट रस्ता लागतो, मी आठवा हिस्सा का देऊ? मला एकदम आमची टिळकवाडीची सोसायटी आठवली. तळमजल्यावरचे गृहस्थ पाण्याच्या टाकीच्या वर्गणीला हेच म्हणाले होते. अखेर लेकीनं तोड काढली. म्हातारबुवांकडं ट्रॅक्टर आणि मागं जोडायचं सपाटीचं फाळकं होतं. पैशाऐवजी दर पावसाळ्यानंतर वाट तेच सारखी करणार. त्यांना ते पैशापेक्षा आवडलं. त्या दिवसापासून ते मला 'चीफ' म्हणू लागले. चौतीस वर्षांत खात्यानं दिली नाही ती बढती.

काम ऑक्टोबरात काढलं, ऊन उतरल्यावर. नोंदणीचा कंत्राटदार, नंबर लेकीनं तपासलेला. पहिले दोन दिवस डांबराचं नावच नाही, नुसती माती आणि पाण्याचे टँकर. कोरडी वाळू कितीही दाबली तरी बसत नाही. मग सहा इंच खडीचा थर, त्यावर अडीच इंच हॉटमिक्स, दाबल्यावरची जाडी. म्हणजे आपले त्रेसष्ट मिलिमीटर. कडांना मी साईडपट्टी भरून घेतली, नाहीतर गाडीचं चाक कडेवर चढलं की डांबर बिस्किटासारखं तुटतं. पहिलं वर्ष उभ्या गाडीचं स्टीअरिंग फिरवायचं नाही, खुर्ची-शिडी ठेवायची तर खाली फळी. भेगा थंडीत भरायच्या, तेव्हा त्या उघडलेल्या असतात. उन्हाळ्यात मिटतात आणि आपण फसतो. नवीन कामाला लगेच सील मारू नये, सहा-आठ महिने जाऊ द्यावेत. हे सगळं मी तिच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. दुधाच्या हिशेबाची जागा तिथं रिकामीच होती.

शेवटच्या दिवशी रोलर गेला, माल गार झाला. मी फोरमनला म्हटलं, चार ठिकाणी भोकं पाडून जाडी बघायची आहे, मग बुजवून दे. तो हसला, पण यंत्र आणलं. लेकीनं नातीची एक वही आणून माझ्या हातात दिली. "तुम्हीच लिहा, बाबा."

घराजवळ चौसष्ट. मधल्या वळणावर त्रेसष्ट. चढावर पासष्ट. फाटकाजवळ, कडेपासून हातभर आत, अठ्ठावन्न. फोरमन वाकून बघून म्हणाला, कडेला थोडं कमी येतंच, चारांची सरासरी बघा, जवळपास भरते आहे. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. असा फरक कामात चालतो. मी चारही आकडे एकाखाली एक लिहिले.

लेक माझ्या खांद्यावरून वहीत बघत होती. मराठी आकड्यांची तिची सवय मोडलेली, त्यात माझं अक्षर. "बाबा, शेवटचा हा ५८ आहे की ६८?"

"अठ्ठावन्न," मी म्हटलं, आणि पाचाचा आकडा पुन्हा एकदा ठळक गिरवला.